ओल्या खोलीतलं चिनी कपाट

५ जुलै १९९८, उमेळे
पोचले एकदाची! मार्गारेटमावशींनी चहाबरोबर गरम फुगे, म्हणजे मैद्याचे फुगलेले गोड गोळे, तळले होते, लाज सोडून खाल्ले. घर कौलारू, मागे केळीची वाडी, समोर नव्या बिल्डिंगचा सांगाडा. मावशी एकट्याच राहतात. त्यांच्या खापरपणजोबांनी मकावहून आणलेलं काळं चिनी कपाट मला उजळून द्यायचंय. पुण्यात जुन्या सामानाची डागडुजी करून पोट भरते मी, पण असं काम हाताला लागलं नव्हतं. शिंपल्याच्या चकत्या बसवून अख्खी बाग काढलीय, पूल, बगळे! खालच्या मोठ्या कप्प्यात माणसाएवढी काळी मूर्ती, मांडी घालून बसलेली. ती फक्त पुसायची, असं मावशी म्हणाल्या.

७ जुलै
ही चकाकी आपल्या लाखेची नव्हे, चिनी झाडाच्या चिकाची. एक पातळ हात द्यायचा, वाळला की घासायचा, मग पुढचा. गंमत म्हणजे हा चीक उन्हात वाळत नाही, त्याला ओलच लागते. मावशी त्या खोलीत भिजवलेल्या चादरी टांगून ठेवतात. का, तर म्हणे लाकूड तडकू नये म्हणून. असेल बाई. माझ्या आधीचा कारागीर हरेश्वर काम अर्धं टाकून गावी गेला, असंही म्हणाल्या. त्याच्या चपला मात्र अजून ओट्यावरच आहेत.

१० जुलै
उजवा हात मनगटापर्यंत उतलाय, बिब्बा उततो तसा. हे ओल्या चिकानंच होतं, पिढ्यांपूर्वी वाळलेला बाधत नाही. आणि मी काल फक्त मूर्ती पुसली. म्हणजे तिच्यावर कुणीतरी ताजा हात दिलाय. मावशींना विचारलं तर त्यांनी पावसाचा विषय काढला. कुठंतरी पाणी मुरतंय. पण आग सोसवेना, आणि हे हात गेले तर मी खाऊ काय? मावशींनी लुगड्याचा ओला फडका गुंडाळला. "पानी मारत ऱ्हा बाय, थंड वाटेल." खरंच वाटलं.

१२ जुलै
फडका सोडला की भडका उडतो. मावशीच भिजवतात, मावशीच बदलतात, मायेनं. आज मूर्ती भिंगाखाली पाहिली. डाव्या मनगटावर, थराच्या आत, एक उंचवटा आहे. गोल चकती आणि पट्टा. मकावच्या जुन्या मूर्तीला मनगटी घड्याळ? उद्या सकाळीच निघते. पैसे गेले खड्ड्यात.

१३ जुलै
डाव्या हातानं लिहितेय. निघण्याआधी फडका काढला. उजवा हात काळा, गुळगुळीत. त्यात माझं तोंड दिसतंय. बोटं मिटत नाहीत. सुई टोचली, कळत नाही.
फडक्यातच चीक होता. ओलीत तो वाळतो हे मला ठाऊक होतं, आणि मीच दिवसभर पाणी —
मूर्ख. मूर्ख मी.

१४ जुलै
मावशींनी मला कपाटाच्या खोलीत कोंडलंय. दाराला बाहेरून कडी. पलीकडे मावशींची रोझरीची जपमाळ चाललीय, शांतपणे. काळं कोपरापर्यंत आलं. मला फार भीती वाटतेय.
मूर्तीच्या नाकाशी भिंग धरलं.
काचेवर वाफ आली.
हरेश्वर —

१५ जुलै
खांदा पेटलाय — मान, छाती. फडके नाहीत. ओरडले. बिल्डिंगच्या कामाच्या आवाजात कोण —
कडी काढली. मावशी आल्यात. हातात चादर, अख्खी, निथळणारी. दार उघडंच आहे मागे. पळायला हवं. आता पळायला —
आग इतकी, की मीच म्हटलं, मावशी, लवकर गुं