ब इमारत, तुलनेसाठी

११ मार्च

आईने घरात हवा मोजायचं यंत्र बसवून घेतलंय! मला विचारायची पद्धत नाहीच. मी वारज्यात, ती बिबवेवाडीत – चौथ्या मजल्यावर, स्लॅबच्या थेट खाली, एकटी. वल्लरी नावाची मुलगी पीएचडी करतेय म्हणे. जुन्या सोसायट्या एसीशिवाय थंड कशा ठेवायच्या, घरात हवा खेळती कशी राहील, वीज कमी कशी लागेल – असं काहीतरी.

सोसायटीच्या अ इमारतीच्या गच्चीला पांढरा रंग आणि खिडक्यांवर झरोके. आईच्या ब इमारतीला काहीच नाही. का? तर तुलनेसाठी! ब ला सगळं मिळणार, पण उन्हाळा उलटल्यावर. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. चिठ्ठी उचलली कोणी? आमच्या मातोश्रींनी. धन्य!

१९ मार्च

हसून हसून पोट दुखलं आज.

आईला वल्लरीचा फोन. "काकू, तुमच्या घरातली धूळ एकदम गायब झालीये. महाबळेश्वरला गेलात की काय?" आई म्हणे, नाही बाई, घरातच आहे. संध्याकाळी पोरगी स्वतः आली. मीही होते. बघते तर यंत्रावर क्रोशाचं कव्हर, त्यावर प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड. धूळ बसू नये म्हणून! धूळ मोजायच्या यंत्रावर!!

वल्लरी नाही हसली. "किती सुंदर विणलंय तुम्ही," म्हणाली. कव्हर अलगद काढून, घडी करून आईच्या हातात दिलं आणि यंत्राची बारीक भोकं दाखवली.

"अगं बाई, म्हणजे मी त्याचं नाकच दाबलं की!" – आई.

मुलगी बरी वाटतेय. निदान शिष्टपणा नाही.

३ एप्रिल

आई अ इमारतीत मुक्ताईंकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाऊन आली. त्यासुद्धा वरच्याच मजल्यावर राहतात. आंब्याची डाळ, पन्हं वगैरे राहिलं बाजूला, फोनवर अर्धा तास फक्त हवेचंच कौतुक! "शिरल्या शिरल्या कळतं गं. चटके नाहीत. कोंदट नाही. पंखा दोनवर ठेवून बसल्या होत्या बायका!"

नुसता पांढरा रंग आणि चार झरोके. मला खरंच वाटेना. वल्लरीने मोबाइलवर घरातल्या तापमानाचा आलेख पाठवला – दोन रेघा, एक मुक्ताईंची, एक आईची. दुपारनंतर आईची वर वर जाते आणि खाली यायचं नावच घेत नाही. बघवेना.

१४ एप्रिल

आईला कूलर पाठवला. तिने दारातून परत पाठवला!

"नवीन काही लावायचं नाही असं ठरलंय. लावलं तर तुलना गेली."

मी वल्लरीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "ताई, काकू या अभ्यासातून केव्हाही बाहेर पडू शकतात. मी दर भेटीत त्यांना सांगते. त्या मलाच ओरडतात."

ब च्या वरच्या मजल्यावर तीन घरं. एकाने एसी लावला, एक कुटुंब गावाला गेलं. उरली आमची आई. तिचंही घर गेलं तर वल्लरीची वरच्या मजल्याची तुलनाच संपली.

२० एप्रिल

विचारलं आईला, एवढं काय पडलंय तुला? पोळी लाटता लाटता म्हणाली, "बावीस उन्हाळे काढले या स्लॅबखाली. कुणी विचारलं होतं, बाई गं, कसं होतंय तुला? ही पहिली आली विचारायला."



४ मे

आईला चक्कर आली. ओट्याशीच पडली. शेजारच्या योगेशने उचलून खुर्चीत बसवलं, डॉक्टरांना बोलावलं. मी पोचेपर्यंत सरबत पिऊन वर मलाच – "कशाला धावत आलीस? बँक सोडून?"

डॉक्टर म्हणाले, उष्णतेचं आहे, त्यात बीपी. इथून हलवा यांना.

वल्लरीला फोनवर नको नको ते बोलले. तुझ्या आकड्यांपायी माझी आई जाईल, हेसुद्धा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, ताई. मी आजच बंद करते."

आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "बंद केलंस तर याद राख!"

५ मे

वल्लरी आली होती. डोळे सुजलेले. आईसमोर बसून म्हणाली, "काकू, पुरे आता. माझा डेटा तुमच्यापेक्षा मोठा नाही."

आई खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात होती, निवृत्त होईपर्यंत. तो आवाज निघाला. "अर्ध्या चाचणीवर आम्ही माल पास करत नव्हतो. महिनाअखेरपर्यंत ठरलंय ना? मग महिनाअखेरपर्यंत. तुझे आकडे पुरे झाले तर शहरातल्या किती गच्च्या रंगतील, तूच सांगत होतीस. का प्रत्येकीने एसी लावून आपली गरम हवा शेजारणीच्या खिडकीत सोडायची?"

मी सगळे उपाय सांगून पाहिले. दिवसा माझ्याकडे, रात्री तिकडे. नाही. घर बंद ठेव, यंत्र चालू राहू दे. वल्लरीनेच मान हलवली – घरात माणूस हवं, रोजचा स्वयंपाक हवा, श्वास हवा. रिकाम्या घराचे आकडे उपयोगाचे नाहीत. मग रडून पाहिलं. त्याचाही उपयोग नाही.

राग येतो. आणि पाया पडावंसंही वाटतं. हट्टी बाई!

७ मे

भांडायच्या तयारीनेच गेले. आज उचलून आणायची होती तिला.

दार वल्लरीने उघडलं. कोपऱ्यात तिची सॅक, सतरंजी.

"काकू, महिनाअखेरपर्यंत इथे मी राहते. स्वयंपाक तुमच्याच वेळेला करीन. झोपेन तुमच्याच खोलीत. तुम्ही ताईंकडे जा."

"पाहुणी उकडत झोपणार आणि मी लेकीकडे एसीत? शोभतं का हे?"

"दोघी राहिलो तर आकडे बिघडतील, काकू."

आई गप्प! माझ्या आईला कुणीतरी गप्प केलं! मुकाट्याने उठली, तिला गॅसचा लायटर दाखवला, डाळीचे डबे दाखवले, फुलक्यांना कणीक सैल भिजव म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "पोरगी भाजी तरी धड करेल का गं?"

८ मे

आई शांत झोपलीये. मी मात्र दिवसभर बेचैन आहे. लेक मी. बँकेत रजा भरपूर शिल्लक आहे. त्या खोलीत आईच्या जागी आपण जाऊन राहावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.