घोड्यावर मीच होतो

भातकुली,
शुक्रवार, सकाळ

तीर्थरूप सौ. सुभद्राताईस,

धाकट्या भगवंताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा नुसता लिहायचा म्हणून नाही. कंबर नीट वाकते. तेच सांगायला बसलो आहे.) तुझ्या गुडघ्यांचं कसं आहे? नव्या घराच्या पायऱ्या उंच आहेत असं लीला म्हणत होती, तेव्हा सांभाळून चढत जा. रामराव भाऊजींना नमस्कार सांगावा, पण हे पत्र पुरतं वाचून झाल्यावर. तोपर्यंत ते चष्मा मागतील, देऊ नकोस.

इकडे सर्व ठीक. सर्व म्हणजे तूर बरी आहे, गाय व्याली, आणि लीला पाच दिवसांपासून माझ्याशी कामापुरतं बोलते. "ताट वाढलं" आणि "नळ आला" ही दोन वाक्यं सोडली तर घर शांत आहे.

तू म्हणशील, हातात फोन असताना भगवंत कागद काहून खराब करून राहिला. फोनवर तीनदा प्रयत्न केला. पण तू पहिल्याच श्वासात माझ्या कंबरेची चौकशी करतेस. मग मी "आता बरं आहे" म्हणतो आणि एक खोटं आणखी वाढतं. कागद काही विचारत नाही, म्हणून कागद.

तर झालं असं. श्रावण लागायच्या सुमारास माझ्या फोनने स्वतःला अपडेट करून घेतलं. मी दाढीला बसलो तेव्हा तो जुना होता, तोंड धुऊन आलो तर नवा. घड्याळाचे आकडे जाड झाले होते, फोन उचलायचं हिरवं बटण जागा सोडून गेलं होतं, हवामानवाला न विचारता 'आज छत्री घ्या' सांगत होता. दोन शब्द टाइप केले की तिसरा शब्द तो आपल्याच मनाने सुचवी. (मी 'आज भाजी' लिहिलं, त्याने 'नको' सुचवलं. तेवढं मात्र बरोबर होतं.) आणि कोणतंही ॲप उघडलं की आधी एक पाटी: यात नवीन अमुक आलं आहे, चालू करू का? मी एकतीस वर्षं अमरावतीच्या स्टँडवर कंट्रोलर होतो, ताई. खिडकीतून माणसं दिवसभर गाडी लागते का विचारायची, मी रजिस्टरमधून मान वर न करता "हो, लागते, लागते" म्हणायचो. त्याच सवयीने मी प्रत्येक पाटीला 'ठीक आहे' दाबत गेलो. त्यातली एक पाटी फोटोच्या ॲपची होती. घरच्या माणसाचा चेहरा ओळखून त्याचे फोटो घरच्यांच्या अल्बममध्ये आपोआप टाकू का, असं तिच्यावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. हा अल्बम तुझ्या सुनेने, पौर्णिमाने, मागच्या दिवाळीत आपल्या सगळ्यांच्या फोनवर लावून दिला होता. म्हणजे फोनने मला फसवलं नाही. त्याने विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

आता लाजेची गोष्ट. तुझ्या वास्तुपूजनाचा रविवार ठरला, त्याच रविवारी आमच्या स्टँडवरच्या चार जुन्या मित्रांनी चिखलदऱ्याला जायचं ठरवलं. मी आधी नाही म्हटलं. त्यावर त्यांतले महादेवराव म्हणाले, "तुमचं काय बापा, तुमी तर पाहुण्यांच्या पंगतीतच म्हातारे होसान." एवढंच. एवढ्या एका वाक्यासाठी मी सख्ख्या बहिणीच्या घराची वास्तू सोडली. आणखी एक कारण होतं, तेही लिहून टाकतो. भाऊजींनी त्या घराच्या फरशा मला बांधकाम चालू असताना तीनदा दाखवल्या होत्या, न्हाणीघरातल्यासुद्धा, आणि चौथ्यांदा "वा" म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. गुरुवारी सकाळी मी पलंगावर आडवा झालो आणि लीलाला म्हटलं, कंबर धरली. तिने शेकायला वीट तापवली. मी ती शेकून घेतली, ताई. चांगली कंबर मी चार दिवस शेकून घेतली, आणि मधून मधून कण्हलोही.

रविवारी लीला तुझी साडी आणि भाऊजींचं धोतर घेऊन एकटी बार्शीटाकळीच्या वाटेला लागली. जाताना माझ्या उशाशी पाणी, गोळी आणि दोन पोळ्या ठेवून गेली. ती गेल्यावर पंधराव्या मिनिटाला महादेवरावांची गाडी दारात आली.

चिखलदऱ्याला असं धुकं होतं की स्वतःचा हात दिसत नव्हता. मला ते फार बरं वाटलं. (लपायला आलेल्या माणसाला धुकं म्हणजे देवाची चादर वाटते.) भाजलेलं कणीस खाल्लं, आणि मग मित्रांनी मला घोड्यावर बसवलं. माझ्याच फोनने महादेवरावांनी फोटो काढले. मी घरी दाखवणारच नव्हतो, म्हणून निर्धास्त होतो. शिवाय त्या फोटोंत धुकं सोडून काही दिसतच नव्हतं. मला काय माहीत की नव्या फोनात धुकं पुसायचीही सोय आली आहे. त्याने एकेक फोटो धुतल्यासारखा लख्ख केला, माझा चेहरा ओळखला, आणि मला घरच्यांच्या स्वाधीन केलं.

पुढचं तू डोळ्यांनी पाहिलंस, मी लीलाच्या तोंडून ऐकलं. जेवणं चालू होती. भाऊजींनी भिंतीवरचा नवा टीव्ही हौसेने लावून ठेवला होता आणि पौर्णिमाने त्यावर घरचा अल्बम जोडला होता. लीला बायकांच्या पंगतीत बसून सांगत होती की, "त्यायले कूस बदलता येत नाही हो, आज सकाळी तर डोळ्यात पाणी होतं." आणि समोरच्या भिंतीवर, पुरुषभर उंचीचा, मी आलो. घोड्यावर. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात कणीस, तोंडात दाणे. खाली अक्षरं होती, 'चिखलदरा, आज'. वर बासरीही वाजत होती म्हणे.

लीलाने तिथल्या तिथे फोन लावला. तुझ्या हॉलमध्ये चाळीस माणसं गप्प बसली आहेत आणि फोन मोठ्या आवाजावर आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "कुठं आहे तुमी?" मी घोड्यापासून चार पावलांवर होतो. म्हटलं, "पलंगावर." ती म्हणाली, "मंग टीव्हीवर कोण आहे?" तिने सगळं सांगितल्यावर माझ्या तोंडातून निघून गेलं, "अवं, नवीन अपडेट आलं ना. आता फोनच असे खोटे फोटो बनवते. माणूस नसतो तिथं त्याले बसवते."

लीलाला छत्तीस वर्षांत माझा खोटा आवाज कळायला लागला आहे. पण मग मला तुझा आवाज ऐकू आला. तू म्हणालीस, "पाहा, सांगितलं नव्हतं? माहा भाऊ खोटं बोलत नाही. लहानपणापासून नाही बोलला. ज्याले हसायचं त्यानं माह्या घरातून उठून हसावं."

ताई, तिथून पुढे मला घाट कसा उतरलो ते आठवत नाही. मित्र रबडी खायला थांबले, मी गाडीतच बसून राहिलो.

लीला संध्याकाळी आली. हातातली पिशवी ठेवली आणि एवढंच म्हणाली, "घोड्याची कंबर बरी आहे ना?" मग पिशवी उघडली. त्यात तू बांधून दिलेलं पुरण होतं, माझ्या कंबरेसाठी महिनाभर शनिवारचा उपास धरल्याचा तुझा निरोप होता, आणि भाऊजींचा स्वतःचा कमरपट्टा. लीला सांगते, त्यांनी तो भर पंगतीत सदऱ्याखालून सोडून दिला आणि म्हणाले, "भगवंतले द्या, मले एवढी गरज नाही." नंतर ते भिंत धरून उठले, हेही तिने सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

मी सोमवारीच बोललो असतो. पण दोन दिवस मनाची समजूत घालत होतो की कोणाचं काय नुकसान झालं. बुधवारी पौर्णिमा अमरावतीला माहेरी आली होती, ती इकडे डोकावली. मला वाटलं, पोरीला फोनमधलं कळतं, तिच्याकडून हे बंद करून घ्यावं. तिने फोन घेतला, बोटाने वर-खाली केलं आणि चहाचा कप बाजूला ठेवला.

"मामाजी, हा फोटो फोननं नाही बनवला," ती म्हणाली. "अजून सव्वीस आहेत. मी त्या दिवशीच अल्बममधून काढून टाकले, आईंना दिसू नयेत म्हणून."

मी म्हटलं, "तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

ती म्हणाली, "आई तुमच्यासाठी सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या होत्या. त्यांना मी कशी खाली बसवू?"

एवढ्याशा वयाची पोरगी, ताई, आणि माझ्याकडे बघताना तिला लाज वाटत होती. माझी लाज ती वाहून राहिली होती. मी मान खाली घातली ती अजून वर आली नाही.

तर खरं हे. घोड्यावर मीच होतो. कंबर कधीच धरली नव्हती. कणसं दोन खाल्ली. तुझ्या भावाने तुझ्या घराच्या वास्तूच्या दिवशी तुझ्या तोंडून खोटी साक्ष देववली. फोनवर ढकललं, पण फोन त्या दिवशी आमच्या सगळ्यांत एकटाच खरं बोलत होता. शनिवार सोड, माझ्यासाठी उपाशी राहू नकोस. कमरपट्टा या पत्रासोबतच पौर्णिमाच्या हाती पाठवतो आहे. मी तो एकदाही बांधला नाही, हात लावायची हिंमत झाली नाही.

तुझा,
भगवंत

ता. क. कळलं की भाऊजी येत्या सोमवारी अकोल्याला सायबर पोलिसांकडे जाणार आहेत, माझे खोटे फोटो बनवून बदनामी केल्याची तक्रार द्यायला. वकिलाकडून अर्जही लिहून घेतला म्हणे. पौर्णिमा म्हणते, ते लोक फोन तपासायला मागतात. तेव्हा त्यांना कसंही करून थांबव. हे पत्र आजच लिहिण्याची घाई त्यासाठी आहे.

ता. क. दुसरी. वरचं लीलाने वाचलं आणि विचारलं, "तक्रारीचं नसतं तर लिहिलं असतं का?" मी बराच वेळ अंगणात बसून विचार केला. बहुतेक नसतं लिहिलं. हेही तुला कळलेलं बरं.

ता. क. तिसरी. भाऊजींना थांबवू नकोस. सोमवारी साडेदहाला ते जिथे जातील तिथे दाराशी मी उभा असेन. त्यांना तोंडाने सांगेन, तिथून त्यांच्यासोबत तुझ्या घरी येईन, आणि ज्यांनी तो टीव्ही पाहिला त्यांना तू बोलव, त्यांच्यासमोर सांगेन. फरशा पाहीन. तू जेवायला वाढलंस तर जेवीन, नाही वाढलंस तर पाणी पिऊन परत फिरेन. लीलाही येते आहे. ती म्हणते, तिने काहीच केलेलं नाही, तिचं ताट वाढून ठेव.