घरात एक राहिली

१९ नोव्हेंबर १९६७, बोईसर

पोचले एकदाची! परभणीहून निघाल्यापासून ट्रंकेवर बसून कंबर मोडली होती, पण स्टेशनाबाहेर खारा वारा तोंडावर आला आणि सगळा शीण गेला. हे, म्हणजे खंडेराव (वहीत नवऱ्याचं नाव लिहिलं तर कोण अडवणार आहे?), आधीच येऊन अणुकेंद्राच्या बांधकामावर फिटर म्हणून लागले आहेत. खोली भाड्याची आहे. शेजारी वेल्डर लोक, दिवसभर हिंदीत आरडाओरडा. चालेल. ही खोली कुठं माझी आहे?

मला माझं घर हवंय. लहानपण मामाकडे गेलं, लग्नानंतर जाऊबाईंच्या हाताखाली. दोन्हीकडे कोणीही यावं आणि मला 'ऊठ गं तिथून' म्हणावं. आता मी बसले की बसले. आणि भोवती जमीनही हवी, कोणाची भिंत माझ्या भिंतीला टेकायला नको. हे म्हणाले, तुझा हट्ट म्हणजे गंजलेला नट, पान्यानंही हलायचा नाही. पण हसून म्हणाले.

१० डिसेंबर

दर रविवारी घरं पाहत हिंडतो. केळव्याला सुपारीच्या वाडीतलं घर पाहिलं. जीव जडला, पण मालक विहीर स्वतःकडेच ठेवणार, पाणी त्याला विचारून भरायचं. मी म्हटलं, मग घरही तुम्हीच ठेवा. दांडीला दारातच समुद्र. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यांना सोसेना, नाकाला रुमाल लावून फिरत होते. पालघरचं घर झकास, पण जमीन म्हणाल तर तुळशीवृंदावनापुरती.

आज मात्र चिंचणीच्या अलीकडे एक कौलारू घर पाहिलं. ओसरी, माजघर, मागे चिकूची झाडं, थोडे माड, गोड्या पाण्याची विहीर. रत्नाबाई नावाची म्हातारी एकटी राहते, आता केळव्याला लेकीकडे जाणार आहे. तिनं ओसरीवर पाट मांडला, तांब्याभर पाणी दिलं, मगच बोलायला बसली. पाहुण्याला आधी पाट-पाणी, ही तिच्या घरची रीत. पाणी पिता पिताच मी ठरवून टाकलं. हेच घर.

२८ जानेवारी १९६८

घर झालं! पालघरला कागद झाले आणि यांनी माझंही नाव घातलं. चंद्रकांता खंडेराव अशी सही केली आणि शाई वाळेपर्यंत तीच पाहत बसले.

आज घरात शिरताना एक गंमत झाली. मी हातात निरांजन घेऊन अंगणात, आणि रत्नाबाई दाराकडे तोंड करून घराला हाका मारतेय. नवऱ्याला, दिराला, लहानपणीच गेलेल्या एका पोरीला. प्रत्येक हाकेनंतर थांबायची, आतून कोणी यायला उशीर लावतंय अशी. मी विचारलं तर म्हणाली, "आमची मेलेली मानसं हायत, बाय. घर सोडताना त्यांना हाक मारून बरोबर न्यावं लागतं. नायतर ती घरातच रातात."

वाऱ्यानं ज्योत विझायला आली. किती म्हणून थांबायचं? मी म्हटलं, पुरे आता आजी, घर आमचं झालं. आणि तिच्या बाजूनं सरळ उंबरा ओलांडला. म्हातारीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. जाताना एवढंच म्हणाली, "एक रायली."

राहू दे की. एवढं मोठं घर आहे.

४ फेब्रुवारी

आठवडा घर लावण्यात गेला. फडताळ पुसलं, चुलीला पोतेरं केलं, मागच्या दाराशी आळूचे कांदे लावले. माझ्या मातीत माझे आळू!

एक मात्र लिहून ठेवते. दुपारी विहिरीवरून धुणं घेऊन आले तर ओसरीवर पाट मांडलेला, शेजारी तांब्याभर पाणी. हे तर कामावर. मी पाणी माडाला ओतलं आणि पाट आत नेऊन ठेवला.

९ फेब्रुवारी

रोज दुपारी पाट. आज पाण्याबरोबर गुळाचा खडा. पाहुणचार! माझ्याच घरात, मला!

भ्याले, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. दारात उभी राहून मोठ्यानं सांगितलं की मी पाहुणी नाही, मालकीण आहे. आत कोणीतरी फुंकणीनं चूल फुंकत होतं. मी आज चूल पेटवलीच नव्हती.

१५ फेब्रुवारी

माझी ट्रंक ओसरीवर. लुगडी घडी करून नीट भरलेली, वर ओटीचे तांदूळ आणि नारळ. पाहुणी आलेल्या सवाष्णीची बोळवण करतात तशी. भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं, आता निघा.

ट्रंक ओढत आत नेली. नारळ फोडला आणि आमटीत वाटून घातला.

हे आल्यावर सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते म्हणाले, आज जेवण फार चांगलं झालं होतं. मी अजून पानं घेतली नव्हती. त्यांच्या हाताला सुक्या बोंबलांचा वास येत होता.

१८ फेब्रुवारी

केळव्याला जाऊन रत्नाबाईला गाठलं. राहिली ती तिची सासू. सासूचं नाव कसं घ्यायचं, म्हणून सगळ्यांत शेवटी 'आये' म्हणून हाक मारणार होती. तेवढ्यात मी आत शिरले.

म्हटलं, चला, आता मारा. म्हणाली, आता माझ्या हाकेला ती येणार नाय. घर ज्याचं, त्यानंच हाक मारायची, तिला बरोबर घ्यायचं आणि निघायचं. पुन्हा त्या घरात राहायला जायचं नाही. आणि घाई करा म्हणाली, कारण म्हातारीला मुलगा मिळाला की सून तिला परकी. "ती जिती व्हती तवर मी पन ओसरीवरच जेवले, बाय."

म्हणजे घर सोडायचं. एसटीत रडले. चिंचणी आल्यावर डोळे पुसले. नाही सोडणार.

२१ फेब्रुवारी

यांनी कामावर जाणं सोडलं. माजघरात बसून असतात. कोणाशीतरी हळू बोलतात, आमी, नाय, हाय. परभणीचा माणूस!

दुपारी ओसरीवर आले. माझ्याकडे पाहून अगदी सभ्यपणे विचारलं, "तुमी कोनाकडं आल्या, बाय?" आणि स्वतःच्या हातानं पाट मांडला.

मी तो पाट विहिरीत टाकला.

२३ फेब्रुवारी

चुलीपाशी बसून आहे. हलत नाही. माझ्या पाठीला कोणाची तरी पाठ टेकलेली — हाडं टोचतात. म्हातारी म्हणते, ऊठ. सारखी, ऊठ.

नाही उठत.

यांना नावानं हाक मारली. वहीत नव्हे, तोंडानं. जन्मात पहिल्यांदा. खंडेराव! त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मी हाक मारून तिला घेऊन निघाले तर हे सुटतील. कळतं मला. पण मग मी कुठं — पुन्हा कोणाच्या घरात — कोणाच्या ऊठ-बसवर —

नाही. हेही माझे आणि घरही माझं. दोन्ही.

२४ फेब्रुवारी, दुपार

हे अंगणात. डोक्यावर गाठोडं. दाराकडे तोंड करून उभे —

हाक मारतायत. घर त्यांचंही आहे. त्यांची हाक लागणार —

"आये, चल."

पाठीवरचा भार गेला. लुगड्याचा काठ माझ्या दंडाला घासून — उंबऱ्याबाहेर —

गेली! घर रिकामं. माझं. आता मला ऊठ म्हणणारं कोणी नाही. ऐकतेस का गं म्हातारे, मी उठले नाही!

हे अजून तिथंच. दाराकडे बघतायत. आत आणखी कोणी राहिलं का, आठवून बघतायत —

मला बोलावलं तरी मी यायची नाही. पण बोलवा तर. एकदा. चंद्रकांता म्हणा. मग मी नाही म्हणेन —

पाठ वळवली. हे फाटकाशी पोचले —

खंडेराव, मी इथं आहे. आणि मी उठणार नाही, ऐकलंत? तुम्ही हाक मा