ओटीतली माती

४ मार्च
सावर्ड्याहून आज इथं चिरेखाणीवर कामाला आले. रत्नागिरीपासून एसटीने थोडा वेळ, मग सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढून चालत. खोली छान आहे. जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, दाराशी नळ. खाण अनिश साहेब बघतात. त्यांनी काम समजावलं. जांभ्याचे चिरे काढण्याआधी वरची माती खरवडून तिचा ढीग घातलाय. खाण संपली की ती परत पसरायची. तोवर मी ढिगावर गवत राखायचं, पावसात माती खालच्या पऱ्यात, ओढ्यात, जाऊ द्यायची नाही. पऱ्याचंच पाणी वाडीच्या विहिरीला लागतं. मी म्हटलं, माती राखायची नोकरी असते हे ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, त्यांनाही आपलं काम आईला सांगताना हाच त्रास होतो. दोघेही हसलो. हे गेल्यापासूनचा दुसरा शिमगा आता येईल. मधल्या काळात मी हसल्याचं आठवत नाही.

९ मार्च
वाडीतल्या बायका आल्या. पुढे यमुनाबाई, सगळ्यांत वडील. या कातळावर मुळात माती नव्हतीच. त्यांच्या आज्या-पणज्यांनी पऱ्याकाठची माती टोपल्यांनी वर आणली, तिच्यावर नाचणी पिकवली. म्हणून त्यांच्यात चाल आहे, की माती कुणाच्या राखणीत दिली तर त्या बाईची त्याच मातीने ओटी भरायची. मी मागे सरले, मोकळं कपाळ दाखवलं. यमुनाबाई म्हणाल्या, अगो, मातीला कुंकू बघायला डोळे असतात काय, पदर धर. एकेकीने मूठ घातली. मला रडू आवरेना. रीत अशी की ही माती परत शेतातच सांडायची, तोवर ओटी मोकळी होत नाही. मी ती डब्यात घालून कोनाड्यात ठेवली.

२ एप्रिल
गवताने मूळ धरलंय. सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. मी शाळा चौथीनंतर सोडली, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर शिकले, हे साहेबांना सांगितलं. आता ते शनिवारी वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तकं आणतात. असं माझ्यासाठी कुणी आणलं नव्हतं. ह्यांनीही नाही.

२८ एप्रिल
लिहायची लाज वाटते. गणपतीपुळ्याच्या वाटेवर एक नवं हॉटेल होतंय, त्यांना हिरवळीसाठी माती हवी आहे. साहेबांनी आधी पुस्तकांची पिशवी ठेवली, मग सांगितलं. ढीग डंपरने जाईल. त्या जागी चिऱ्याचा भुगा टाकू, वर दोन बोटं माती आणि गवत. हे तुमच्याइतकं सुबक कुणाला जमणार, ताई. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पिशवीत काय काय आहे ते बघत होते.

६ मे
ढीग गेला. भुग्यावर गवत मीच लावलं. लांबून तसाच दिसतो. यमुनाबाई वाटेत भेटल्या, म्हणाल्या, हाताला गुण हाय गो तुझ्या. घरी येऊन पदर झटकला तर ओटीत मूठभर माती. ओलसर, अंगासारखी कोमट. कोनाड्यातला डबा उघडला. रिकामा.

३० मे
रोज असते. बाहेर टाकून येते, बसले की पुन्हा ओटीत. साडी बदलली, तिच्यातही. वाढते आहे. कंबर दुखते. पुस्तक मांडीवर घेता येत नाही, जागाच नाही.

२९ जून
पावसाने भुगा सुटला. पऱ्या लाल, विहीर लाल. यमुनाबाई तांब्याभर पाणी घेऊन आल्या. तळाला चार बोटं गाळ. घरात नातवंडं तेच पितात. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, आमची माती अशी कधी धावली नाय गो, ती धरून ऱ्हाणारी. बघत होत्या माझ्या पदराकडे. मी दोन्ही हातांनी झाकला. सांगणार होते. म्हटलं, यंदा पाऊस फार.

१ जुलै
तहान. नळाला तोंड लावून पिते. पाणी पोटात उतरत नाही. ओटीत जिरतं.

३ जुलै
ओटीत नाचणी उगवली. हिरवीगार. एक रोप उपटायला गेले तर कळ आली — इथून, बरगडीखालून —

४ जुलै
साहेब आले होते. दारातून बघितलं आणि पुस्तकं उंबऱ्यावरच ठेवून गेले. भिजली. उचलायला वाकता येत नाही.

५ जुलै
बायका आल्यात. टोपल्या घेऊन. दार मीच उघडलं. सगळं सांगितलं, डंपर, भुगा, पुस्तकं. कुणी रागावलं नाही, तेच सोसत नाही. यमुनाबाई म्हणाल्या, ओटी मोकळी करायची रीत तुला ठाव हाय, शेतात चल. म्हटलं, आता माती अंगापासून सुटत नाही. म्हणाल्या, मग तशीच चल.

एवढं लिहू दिलं. पावसात उभ्या आहेत. हे असते तर — नको, त्यांनी हे बघायला नको. यमुनाबाईंनी माझ्याकडे बघून टोपली बाजूला ठेवली. एकीच्या ओटीत मी मावणार नाही म्हणतात, म्हणून सगळ्या जणी पदर पसरून मला थोडी थोडी वाटून —