मोराच्या मानेतली रेघ

१२ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळ.

सात रस्ता चौकातल्या दुकानातून आणलेल्या सॉफ्टबोर्डवर आज घरातली जुनी चादर बसवली. विरलेली बाजू कापली, उरलेली ताणून स्टेपल केली. लाइट बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या टोचायला हॉलमध्ये असं काहीतरी हवंच होतं. ही चादर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कारखान्यात असताना स्वतःच्या मागावर विणलेली. तिच्यावरच्या मोरांपैकी एकाच्या मानेतून सूत चुकल्याची आडवी रेघ गेलीय, म्हणून ती विकली न जाता घरी आली. तो मोर मी मागे दुमडला. कोणीही तेच केलं असतं. नाही का?

मामांनी बोर्डवरून हात फिरवला. मग बोर्ड उलटा करून ती रेघ शोधली.

"हितं हाय व्हय," म्हणाले. "चांगलं केलंस की."

चांगलं? मग चेहरा का उतरला? अर्धा तास तेच डोक्यात. शेवटी सगळ्या पिना उचकटल्या, मोर रेघेसकट बरोबर मधोमध आणला आणि बोर्ड टांगला. अंगठा अजून ठणकतोय. मामांनी पाहिलं. चहा घेऊन तिथेच बसले.

आत्ता मी त्यांचा चहाचा कप उचलायला गेले, तर बोर्डवर पहिला कागद लागलेला. त्यांच्याच बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी. नेमकी त्या रेघेवर.

म्हणजे झाकायचीच होती. फक्त ती मी झाकायला नको होती.