मिठागराची टाइल

४ एप्रिल
दादाचा मेसेज. जहाज कुठल्यातरी बंदराला लागलंय, म्हणून नेट आलं. "कॉन्ट्रॅक्ट संपलं की थेट गावी, आईबाबांकडे. भाईंदरची खोली सोडून देऊ. तुझं काय, तू तसाही टिकत नाहीस कुठे." मी "ओके" लिहिलं. कशाला ओके, माहीत नाही.
खोलीत कोणी नसलं की फ्रिजचा आवाज मोठा होतो. बंद केला. दूध नासलं.

६ एप्रिल
आमचा जुना गेम परत टाकला. एका कीबोर्डवर दोघं खेळायचो तो. राज्य वाढवायचं, गावं वसवायची. एकाची चाल चालू असताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं, हा दादाचा नियम. आता लांबूनही जमतं. आपली चाल खेळायची, सेव्ह फाइल पाठवायची.
दादाला विचारलं. "कंटाळा आलाय रे. तेच डोंगर, तीच जंगलं."
मग डोंगर बदलतो ना. आपल्या भाईंदरचाच नकाशा करतो. राई, मुर्धा, खाडी, चेण्याचा डोंगर. सगळ्या टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोन, मी काढणार.
"बघू," म्हणाला. "बघू" म्हणजे काही "नाही" नव्हे.

९ एप्रिल
सायकलनं मुर्ध्याला, मिठागराचे रंग बघायला. राईला कोळी होडी रंगवत होते, तिथेच अर्धा दिवस गेला. ब्रश धुवून दिले त्यांचे. मुर्ध्याला पोचलो तर ऊन उतरलेलं. अर्धी आगरं बंदच आहेत. बांधावर उभा होतो, सुकी मासळी गोळा करणाऱ्या एका काकीनं हटकलं.
"काय बघतंस रं? जागा घ्यायला आलास?"
"नाही काकी, पाण्याचा रंग बघतोय."
ती दुसरीला म्हणाली, "बिल्डरचा न्हाय गो ह्यो. येडा हाय."
दोघी हसल्या. मी पण. या आठवड्यात पहिल्यांदाच कोणाबरोबर हसलो बहुतेक.
एका कप्प्यात पाणी गुलाबी झालेलं. मीठ धरायच्या आधी होतं तसं. लहानपणी दादानं सांगितलेलं, सरबत आहे. मी ओंजळभर प्यायलो होतो. घरापर्यंत डबलसीट, तो पुढे हसतोय, मी मागे ओकतोय. त्याला सांगणार नाही काय काढतोय. बघून कळलं पाहिजे.

१३ एप्रिल
दिवसभर मनसुखभाईंच्या दुकानात पासपोर्ट फोटो. लोकांच्या मागची भिंत पुसायची, पांढरं करायचं. कड मऊ ठेवायची, नाहीतर माणूस कात्रीनं कापल्यासारखा दिसतो. परवा एका बाईंचे केसच उडवले. मनसुखभाई, "अरे भाई, फोटो निकालने आयी थी, मुंडन कराने नहीं!"
घरी येऊन टाइल्स. झाडं, होड्या, राईचं देऊळ, सगळ्यांची कड मस्त मऊ केली. हात बसलाय.

१४ एप्रिल
गेम चालू केला. प्रत्येक झाडाला गुलाबी किनार! होड्यांना पण. देवळाला तर लायटिंग केल्यासारखी.
या गेममध्ये पारदर्शक म्हणजे एकच ठरलेला भडक गुलाबी. जिथे तो भरला तिथे गेम काही दाखवत नाही, खालची जमीन दिसते. पण मी कड मऊ केली, म्हणजे अर्धा रंग झाडाचा, अर्धा मागचा गुलाबी. गेमला अर्धं कळत नाही. असेल तर असेल, नसेल तर नसेल.
दुकानाची सवय नडली.

१५ एप्रिल
आयडिया. सगळ्या फाइल्सवर एकदमच, गुलाबीच्या आसपासचा दिसेल तो रंग पारदर्शक. एका झटक्यात किनार गेली. देऊळ बघितलं, झकास. पहिली चाल खेळलो, दादाला सगळं पाठवलं आणि चेण्याला नदीवर जाऊन बसलो. आंघोळ केली, कपडे दगडावर वाळवले. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. तिथे एक कुत्रा होता.

२२ एप्रिल
दादा: "उघडलं. देऊळ जमलंय. पण मुर्ध्याला काय केलंस? नुसता चिखल दिसतोय. नेहमीसारखं अर्धवट सोडलंस."
बघितलं. किनारीबरोबर मिठागराचं सगळं गुलाबी पाणीही उडवलं होतं मी. तिथे गुलाबी होतं हे त्याला कळणार कसं.
नेहमीसारखं, म्हणे.

२३ एप्रिल
गोकर्णच्या हॉस्टेलवाल्याचा फोन. माणूस हवाय, ये. बॅग भरली. मनसुखभाईंना सांगितलं, तर म्हणाले, "फिर भागेगा? तेरे तो पैर में चक्कर है." चिडून नाही, उगीच. जाताना चहा पाजला.
चार्जर काढायला लॅपटॉप उघडला. मुर्ध्याचा चिखल समोर. बसलो.

२८ एप्रिल
गोकर्णला कळवलं, नंतर बघू.
सगळ्या कडा हातानं. एकेक ठिपका, एकतर झाड, एकतर काही नाही. मऊ काही ठेवायचं नाही. डोळे दुखतात. मिठागराचा गुलाबी ठरलेल्या रंगापेक्षा किंचित उतरवला. डोळ्याला तोच, गेमला वेगळा. चालवून बघितलं. पाणी राहिलं!
दादाला पाठवलं. खाली लिहिलं, "खोली सोडू नको, इकडे ये." पुसलं. "मुर्धा परत बघ," एवढंच ठेवलं.

६ मे
मेसेज पोचलेलाच नाही त्याला. समुद्रात असणार.
मुर्ध्याला परत गेलो. तीच काकी. "गावला का तुजा रंग?"
"गावला."
"मंग आता काय बघतंस?"


१५ मे
फाइल आली. सोबत एक शब्द नाही. खोलीचं नाही, कधी उतरणार ते नाही.
उघडली. त्याची माणसं नकाशाच्या पार वरच्या टोकाला होती, घोडबंदरकडे. तिथून आणून मिठागराच्या टाइलवर उभी केलीत. गाव वसवलेलं नाही. पुढेही गेलेला नाही. नुसता उभा. पायाखाली गुलाबी पाणी नीट दिसतंय.
या गेममध्ये टाइलवर पाटी लावता येते. दादानं लावलीय. "पिऊ नको."
दोनदा बंद करून उघडली. आहे.
आता चाल माझी. भिंतीकडे तोंड करून बसायला इथे कोणी नाही. तरी मी स्क्रीन थोडी वळवून घेतली.