वंगणमुक्त नायलॉन बुश

१४ नोव्हेंबर १९७१
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही.
सहा वर्षं साखर कारखान्यात असिस्टंट केमिस्ट आहे. उसाचा रस तपासायचा, आकडा चीफ केमिस्ट धनेश्वरांना द्यायचा. ते आकडा बघतात आणि 'बरं' म्हणतात. बी.एस्सी. झालेल्या माणसाने आयुष्यभर 'बरं' ऐकायचं? धनेश्वरांचं जग साखरेपाशी संपतं.
निश्चय: सीझन संपेपर्यंत स्वतःचा उद्योग. नायलॉन.

१६ नोव्हेंबर
पुस्तक आणून अभ्यास केला. नायलॉन करायच्या पद्धती तीन.
एक, नायलॉन सहासष्ट. एक अ‍ॅसिड, एक अमाईन, दोघांचं मीठ करून ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली शिजवायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकर. पुष्पावतीला विचारलं. ती म्हणाली, कुकरला हात लावलात तर नेवाशाला माहेरी जाईन, आणि कुकर घेऊन जाईन. लग्नाला आठ वर्षं झाली, पण दृष्टी चुलीपुढे गेली नाही.
दोन, नायलॉन सहा. कॅप्रोलॅक्टम नावाचा पांढरा पदार्थ थोड्या पाण्याबरोबर तासन् तास तापवायचा, मग धागा ओढायचा. त्याच्या साड्या होतात. मी साड्यांसाठी जन्मलो नाही.
तीन. कोरडं कॅप्रोलॅक्टम वितळवायचं, कॉस्टिक आणि एक चेतवणारं औषध टाकायचं आणि थेट साच्यात ओतायचं. काही मिनिटांत घट्ट. ना कुकर, ना गिरणी. ही माझी.

१९ नोव्हेंबर
गाडीतळावरून जाताना सुचलं. उसाच्या एवढ्या गाड्या उभ्या. प्रत्येक चाकाच्या तुंब्यात, मधल्या लाकडी गड्ड्यात, लोखंडी बुश, म्हणजे आसाभोवतीची नळी. त्यात काळं, घाण वंगण. रामायणकाळापासून कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. नायलॉनच्या बुशाला वंगणच लागत नाही!
दुपारी धनेश्वरांना सांगितलं. ते म्हणाले, 'बरं.'

४ डिसेंबर
लढाई सुरू झाली. ठाण्याच्या मिलमधल्या वर्गमित्राने कॅप्रोलॅक्टमची पिशवी आणि औषधाची बाटली आजच पाठवली. इतिहास एकाच दिवशी दोन कामं करतो.

५ डिसेंबर, संध्याकाळी
पहिला प्रयोग. मागच्या पडवीत शेगडी. घट्ट झालं नाही, पातळ पाकच राहिला. पिशवी रात्रभर उघडी राहिल्यामुळे माल ओलसर झाला होता. पिशवीचं तोंड बांधणं हे केमिस्टचं काम नव्हे.
शेगडीचा उजेड बघून ब्लॅकआऊटचा वॉर्डन ओरडत आला. भांड्यात काय आहे, म्हणाला. नायलॉन, म्हणालो. तो म्हणाला, विझवा. अशा देशात उद्योग कसे वाढणार?

१० डिसेंबर
आता दिवसाच प्रयोग. माल उन्हात वाळवला. घट्ट झालं, पण पिवळं आणि भोकाभोकांचं. पुष्पावती म्हणाली, घावन छान झालंय. तिच्याशी बोलणं बंद.

११ डिसेंबर
बोलणं सुरू. जेवण वाढताना ती काही विचारतच नव्हती.

१६ डिसेंबर
लढाई जिंकली. मीही! हस्तिदंती रंगाचा, टणक, सुरेख गोळा. जमिनीवर आपटला, फरशीला तडा गेला. पेपरवाले अर्थातच एकच बातमी छापणार.

२० डिसेंबर
राहुरीला नूरमहंमदच्या लेथवर दोन बुश कातून घेतले. आसावर अगदी तंग बसतील असे, केसाचीही फट नको म्हणून बजावलं. तो म्हणाला, तुम्ही सांगाल तसं साहेब, फक्त लवकर सांगा, मला तीन वाजता शिर्डीला लग्नाला जायचंय. कारागिराला ध्येय नसतं, वऱ्हाड असतं.

२३ डिसेंबर
चाचणीसाठी गाडी हवी. गाडीतळावर माझं भाषण सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे बैलांना पाणी पाजायला निघून गेले. राहिला एक आसाराम, पाथर्डीकडचा गाडीवान. स्वभावाने भिडस्त, 'न्हाई' म्हणता येत नाही. त्याची बायको कडूबाई मात्र म्हणाली, "सायेब, आमचं पोट ह्या दोन चाकांवं हाय. काय झालं तर?"
म्हणालो, काही होणार नाही, हे शास्त्र आहे.
ती म्हणाली, "आन् वंगान?"
वंगण बंद, म्हणालो. फार तर बुश थंड राहावा म्हणून येता-जाता पाणी ओता. नायलॉनला पाणी चालतं, जगभर चालतं.

२५ डिसेंबर
बुश बसवले. गाडी आवाज न करता चालली. आसाराम हसला. कडूबाई हसली नाही, पण तिचा चेहराच तसा असावा.
धनेश्वरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. कारण या रकान्यात लिहिलं: 'नायलॉन'. ते म्हणाले, आठवडाभर थांबतो, मग वर पाठवतो. हेवा माणसाला हळू करतो.

२८ डिसेंबर
कडूबाई रोज घागरभर पाणी ओतते म्हणे. अडाणी असली तरी सूचना पाळते.

३० डिसेंबर
किरकोळ अडचण.
सकाळी दहाला कालव्याच्या उतारावर आसारामच्या गाडीचं उजवं चाक फिरायचं थांबलं. बुशाने आस गच्च धरला होता. मागून उसाचा भार आला, बैल गुडघ्यावर पडला. मी पोचलो तेव्हा आसाराम बैलाचं तोंड मांडीवर घेऊन रस्त्यात बसला होता. पटक्याने त्याच्या गुडघ्यावरचं रक्त पुसत होता. कडूबाई बोलत होती.
पुस्तक पुन्हा उघडलं. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, असं त्यात आहे. पण बारीक अक्षरात आहे. दोष कुणाचा? छापणाऱ्याचा.

३१ डिसेंबर
सकाळी दार वाजलं. कडूबाई. हातात कासरा, कासऱ्याला बैल, बैलाच्या गुडघ्याला फडकं.
"ह्यो बरा हुईस्तवर तुमच्यात ऱ्हाईल," ती म्हणाली.
म्हणालो, ही स्टाफ कॉलनी आहे. इथे गुरं चालत नाहीत.
"तुमचं नायलॉन तरी कुटं चाललं?"
पुस्तकातलं बारीक अक्षर दाखवायला आत वळलो, तेवढ्यात पुष्पावती बाहेर आली. तिने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला. कडूबाईला चहा दिला, आसारामसाठी भाकरी बांधून दिली. मग बैल माझ्या प्रयोगाच्या पडवीत बांधला. मला विचारलं नाही.

३ जानेवारी १९७२
एका बैलावर गाडी चालत नाही. आसाराम मजुरीवर दुसऱ्यांच्या गाड्या भरतो. मी गाडीतळावरून जायचं टाळतो. भ्यायलो म्हणून नाही, तिथे धूळ फार.

५ जानेवारी
पुष्पावती सकाळ-संध्याकाळ बैलाला हळद-चुन्याचा गरम लेप लावते आणि त्याच्याशी बोलते. माझ्याशी आठ वर्षांत एवढं बोलली नाही. पाणी तापवणं, वैरण आणणं, शेण उचलणं माझ्याकडे. हे तात्पुरतं आहे.
राजीनाम्याबद्दल धनेश्वरांना विचारलं. त्यांनी खणातून काढून परत दिला. वर पाठवलाच नव्हता. म्हणाले, बैलाला वैरण लागेल, पगार असू द्या. माझ्यावाचून लॅब चालत नाही, हे त्यांना सरळ कबूल करता येत नसावं.

११ जानेवारी
पहाटे बैल पाय आपटून उभा राहिला. मी त्याला वेळेआधीच वैरण घातली. घड्याळ पुढे असावं.

१४ जानेवारी, संक्रांत
आसाराम-कडूबाई बैल न्यायला आले. चाकात लोखंडी बुश परत घातलेत. आसाराम माझ्या पाया पडायला वाकला, कडूबाईने त्याला दंडाला धरून पुष्पावतीकडे वळवलं. दोघींनी एकमेकींना हळदकुंकू लावलं. जाताना कडूबाई मला म्हणाली, "सायेब, वैरन मात्र येळंवर घालायचे तुमी." माझं या भागातलं काम लोकांना पटू लागलं आहे.

१७ जानेवारी
निरोप आला! उद्या सकाळी चेअरमनसाहेब स्वतः आमच्या क्वार्टरवर येणार. बातमी वरपर्यंत गेली म्हणायची. भाषण तयार केलं: नायलॉनच्या तीन पद्धती, पाण्याचा प्रश्न, जिल्ह्याचं भवितव्य. कोट इस्त्री केला. धनेश्वरांना मुद्दाम सांगितलं. ते 'बरं' म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघू लागले.

१८ जानेवारी
जीप आली. मी कोट घालून दारात. चेअरमनसाहेब उतरले, नमस्कार केला, माझ्या खांद्यावरून आत बघितलं. "गाडीवानाच्या बैलाचा गुडघा बरा करणाऱ्या त्या बाई कुठायत? आमचा शर्यतीचा खोंड चार दिवस बसलाय."
म्हणालो, मी कराळे, नायलॉनचा.
ते म्हणाले, "असं का. मग तुम्हीपण चला, लेपाचं पातेलं धरायला कुणीतरी पाहिजे."
पुष्पावती लेप तापवून पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागे, कोटात, गरम लेपाचं पातेलं मांडीवर. रस्ता खराब. निम्मा लेप कोटावर सांडला.